नवा पाइप कमावताना

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलणार आहे ते पाइप ओढणाऱ्यांशी, त्यातही ज्यांच्या हातात नवा कोरा पाइप आहे त्यांच्याशी. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही, पण ऐकून तंबाखूच्या वाटेला जाऊ नये. धूर छातीत न घेता नुसता तोंडात घोळवला, तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. धुराचा वास कितीही गोड असो.

तर, नवा पाइप पेटवला की पहिली निराशा चवीची. कडवट, करपट, लाकूड भाजल्यासारखी. वाटतं, पाइप फसवा निघाला. खरं तर लाकूडच जरासं भाजत असतं. बहुतेक पाइप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राच्या आसपास एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. खोड आणि मुळं यांच्या मध्ये जमिनीलगत त्याला गाठ येते, ती म्हणजे ब्रायर. ही गाठ खणून काढायची, तुकडे करून तासन्‌तास उकळायची, म्हणजे आतला रस निघून जातो; मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवायची. फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरातलं सँ-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या कामासाठी नावाजलेलं आहे. लाकूड घट्ट, उष्णतेला सहजी दाद न देणारं. पण शेवटी लाकूडच, आणि आपण त्यात निखारा ठेवतो.

पाइप कमावायचा म्हणजे हे लाकूड आणि निखारा यांच्यामध्ये कोळशाचा पातळ थर बसू द्यायचा. पाइपवाले त्याला केक म्हणतात. तंबाखूतले तेलकट आणि गोड अंश बाउलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, भिंतीला चिकटतात, जळतात, काळे होतात, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की थर धरतो. हा थर लाकडाला आच लागू देत नाही, थोडा ओलावाही शोषून घेतो. तो बसला की कडवटपणा आपोआप जातो.

हा थर झटपट बसावा म्हणून लोक काय काय करतात! कुणी बाउलला आतून मध फासतो. माझं मत विचाराल तर नको. मध करपतो, चिकट राहतो, आणि आधीच कडू असलेल्या चवीत भर घालतो. कुणी पाण्याचं बोट फिरवतो. त्याने नुकसान नाही, फायदाही फारसा दिसत नाही. काही कारागीर आतून काळा लेप देऊनच पाइप विकतात. लेपाखाली लाकडातले खड्डे झाकले जातात अशी कुरकुर त्यावर ऐकू येते, आणि ती अगदीच निराधार नाही. पण लेपाला वास नसेल तर तो खरवडत बसू नका.

सगळ्यात जुना सल्ला असा की आधी बाउल एक तृतीयांश भरावा, काही दिवसांनी अर्धा, मग पूर्ण. यामागचं कारण खरं आहे. बहुतेकांचा पाइप तळाशी येईपर्यंत ओला होतो, गुळगुळ आवाज करतो, आणि ते शेवटची चिमूट तशीच झाडून टाकतात. मग वरच्या भिंतीवर थर आणि तळ कोराच. थोडाच तंबाखू भरला की निखारा तळापर्यंत पोचतोच. मात्र इतक्या खाली काडी धरताना बाउलची कड करपते. म्हणून मी म्हणेन, दोन तृतीयांश भरा, पण शेवटपर्यंत ओढा. गुळगुळ सुरू झाली तर पाइप क्लीनर, म्हणजे धागे गुंडाळलेली लवचीक तार, दांडीतून आत सरकवून ओलावा टिपून घ्या. मध्येच विझला तर पुन्हा पेटवा. त्यात कमीपणा नाही.

खरी काळजी घ्यायची ती उष्णतेची. नवशिका विझेल या भीतीने भराभर झुरके घेतो, निखारा एका जागी फुलतो आणि कोऱ्या लाकडाला तिथेच भोक पडू शकतं. थर नसलेल्या पाइपला हा धोका सर्वांत जास्त. बाउल गालाला लावून बघा. चटका बसला तर पाइप खाली ठेवा, विझू द्या. तंबाखू फार ओला असेल तर आधी थोडा वेळ उघडा पसरून ठेवा, कारण ओला तंबाखू पेटता ठेवायला जोरात ओढावं लागतं. भरताना तळाशी सैल, वर जरा दाबून. काडीची ज्योत वर गोल फिरवा, तंबाखू फुगून वर येईल, तो हलक्या हाताने दाबा आणि दुसऱ्यांदा पेटवा. जोरदार झोताचे लायटर मात्र दूरच बरे.

ओढून झाल्यावर गरम असताना दांडी उपसू नका. सांधा सैल होतो, कधी तडकतोही. राख झाडा, क्लीनर फिरवा, आणि निदान एक दिवस त्या पाइपला हात लावू नका. आत मुरलेला ओलावा सुकायला तेवढा वेळ लागतोच.

थर एक ते दीड मिलिमीटर झाला की पुरे. त्याहून जाड थर तापून फुगला तर बाउलला तडा जाऊ शकतो, म्हणून जादाचा भाग रीमरने, म्हणजे थर खरवडायच्या खास अवजाराने, घासून काढायचा. चाकूचं टोक वापरलंत तर थराबरोबर लाकूडही कापलं जाईल.

मात्र ही सगळी खटपट ब्रायरसाठी. काही पाइप मीरशॉमचे असतात. मीरशॉम हा तर दगड, म्हणजे सेपिओलाइट नावाचं खनिज. तुर्कस्तानातलं एस्किशेहिर त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात थर साचू द्यायचाच नाही, प्रत्येक वेळी आतून पुसून घ्यायचं. आणि मक्याच्या कणसाचा कॉब पाइप पहिल्याच दिवशी काठोकाठ भरा. काही कॉबमध्ये लाकडी नळीचं टोक तळाशी आत डोकावतं. ते जळून जाईपर्यंत शेवटचे झुरके कडवट लागतील, नंतर नाही.