एका अक्षराची दुरुस्ती

[दृश्य: महालक्ष्मीच्या पुलावरून दिसणारा धोबीघाट, दोऱ्यांवर फडफडणाऱ्या चादरी]

कपड्यावर पडलेला रक्ताचा किंवा अंड्याचा डाग म्हणजे प्रथिन. सबटिलिसिन नावाचं एन्झाइम ते कातरतं, म्हणून ते धुण्याच्या पावडरीत घालतात. पण पावडरीतलं ऑक्सिजन ब्लीच या एन्झाइमलाच मारून टाकतं. एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. घाव बसतो तिच्यातल्या 222 व्या जागेवरच्या मेथिओनीन या अमिनो आम्लावर, कारण त्यातल्या गंधकाला ऑक्सिजन चिकटतो. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्या जागी सेरीन, अ‍ॅलानीन, ल्यूसीन ही दुसरी अमिनो आम्लं बसवून पाहिली. एन्झाइम ब्लीचसारख्या पेरॉक्साइडमध्ये तगलं, मात्र कामाचा वेग घटला. मेथिओनीनचा कोडॉन, म्हणजे जनुकाच्या डीएनएतली तीन अक्षरांची खूण, एटीजी; ल्यूसीनचा सीटीजी. म्हणजे बदलायचं ते एकच अक्षर.

[दृश्य: बर्फाच्या डब्यात 0.2 मिलिलिटरची ट्यूब, बाहेरून दव धरलेली]

हे अक्षर बदलायच्या एका रुळलेल्या पद्धतीसाठी स्ट्रॅटजीन कंपनीनं 1995 साली अमेरिकेत अर्ज केला आणि 1998 साली पेटंट मिळवलं. मुदत संपली, पद्धत आता खुली आहे.

25 ते 45 अक्षरांचे, एकमेकांना पूरक असे दोन प्रायमर, म्हणजे नवी प्रत जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे, घ्यायचे. बदललेलं अक्षर मधोमध, दोन्ही बाजूंना किमान 10 ते 15 अक्षरं जशीच्या तशी. 50 मायक्रोलिटरच्या मिश्रणात प्लाझ्मिड (जनुक बसवलेलं जिवाणूतलं डीएनएचं वर्तुळ) 5 ते 50 नॅनोग्रॅम, प्रत्येक प्रायमर 125 नॅनोग्रॅम, आणि प्रती काढणारं पॉलिमरेज हे एन्झाइम. मग 95 अंशांवर 30 सेकंद, 55 वर 1 मिनिट, 68 वर दर हजार अक्षरांमागे 1 मिनिट. एका अक्षरासाठी अशी 12 आवर्तनं पुरतात. दिसायला हा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती दुपटीनं वाढवायची नेहमीची रीत, पण इथं तसं होत नाही. दर फेरीला मूळ प्लाझ्मिडवरूनच नवी प्रत निघते.

पेटंटातली खरी युक्ती पुढे आहे. नळीत जुना प्लाझ्मिड शिल्लक असतो. तो जिवाणूत वाढलेला, म्हणून त्यात जीएटीसी ही अक्षरं येतात त्या जागांवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची खूण असते. नळीत तयार झालेल्या प्रतींवर ती नसते. डीपीएन-वन हे एन्झाइम खूण असलेलाच डीएनए कापतं. 10 युनिट घालून 37 अंशांवर 1 तास ठेवलं, की जुन्याचे तुकडे होतात. नव्या वर्तुळातली फट जिवाणू स्वतःच सांधतो.

[दृश्य: डीएनए जिवाणूंत शिरावा म्हणून 42 अंशांच्या पाण्यात 45 सेकंद बुडवलेली ट्यूब, लगेच पुन्हा बर्फात]

फसतं बहुधा जुना प्लाझ्मिड कापतानाच. प्लाझ्मिड भारंभार घातला की डीपीएन-वन पुरं पडत नाही, आणि जिवाणू वाढवायच्या प्लेटवर बऱ्याच कॉलनी (जिवाणूंचे ठिपके) मूळ जनुकाच्याच उगवतात. ज्या जिवाणूत मिथाइलची खूणच होत नाही, अशातून काढलेला प्लाझ्मिड घेतला तर तो कापलाच जात नाही. म्हणून एक नळी पॉलिमरेजशिवाय चालवावी. तिच्या प्लेटवर कॉलनी दिसल्या की दोष कापणीत आहे. आणि जुलैत मुंबईच्या दमट हवेत प्लेटा नीट वाळत नाहीत. प्लेटमधल्या ओल्या अगारवर (जेलीवर) कॉलनी एकमेकींत पसरतात, वेगळी एक उचलता येत नाही. प्लेटा आदल्या दिवशीच वाळवून ठेवाव्यात.

[दृश्य: अँटॉप हिल, बौद्धिक संपदा भवन]

भारतात निसर्गात सापडलेल्या जनुकाचं पेटंट मिळत नाही. पेटंट कायद्याचं कलम 3(सी) त्याला शोध (डिस्कव्हरी) मानतं, आविष्कार (इन्व्हेन्शन) नव्हे. माणसानं बदललेला क्रम आणि तो बदलायची रीत यांवर दावा मांडता येतो, पण तोही आपोआप मंजूर होत नाही. निव्वळ प्रयोगासाठी किंवा विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी पेटंट असलेली प्रक्रिया वापरायला कलम 47 मुभा देतं. विक्री त्यात बसत नाही.

बदल केलेल्या जनुकाचा अक्षरक्रम पेटंटच्या अर्जापूर्वी पूर्ण वाचून घ्यावा, फक्त ते एक अक्षर नव्हे. पॉलिमरेज लांबवर कुठेतरी दुसरी चूक करून ठेवतं, आणि प्रायमरची शेपटी कधी दोनदा जोडली जाते. तीच चूक अर्जातल्या अक्षरक्रमाच्या यादीत उतरली, तर नंतर दुरुस्तीच्या नावाखाली नवा मजकूर घालायला कलम 59 परवानगी देत नाही.