धिंगरी काडातून काय उचलते

दोरीला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत भिजवलेले काड भरलेले आहे आणि त्यावर पांढरे धागे पसरत चालले आहेत. धाग्यांच्या या जाळ्याला कवकजाल म्हणतात. स्पॉन, म्हणजे अळंबीचे बियाणे, भरल्यापासून साधारण तीन आठवड्यांत धिंगरी अळंबीच्या छत्र्या दिसू लागतात. त्यांत सुमारे 90 टक्के पाणी असते. उरलेल्या कोरड्या भागात जी खनिजे सापडतात, ती काडातून, त्यात मिसळलेल्या पूरक पदार्थांतून किंवा फवारलेल्या पाण्यातूनच आलेली असतात, कारण धिंगरीचा मातीशी थेट संबंध येतच नाही.

कवकजाल विकरे आणि सेंद्रिय आम्ले बाहेर सोडते, काडातील लिग्निन व सेल्युलोज तेथल्या तेथे विघटित करते आणि विरघळलेले घटक आत ओढून घेते. ही उचल सरसकट नसते. पोटॅशियम धिंगरी अगदी हावरेपणाने घेते, म्हणून तिच्या राखेत सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. त्याखालोखाल स्फुरद (फॉस्फरस) येते. कॅल्शियमचे मात्र उलट आहे. काडात चुना किंवा जिप्सम मिसळले, तरी छत्रीतील कॅल्शियम बेताचेच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांच्या पृष्ठभागावर सुईसारखे बारीक स्फटिक चिकटलेले दिसतात. बुरशीने सोडलेल्या ऑक्झॅलिक आम्लाचा कॅल्शियमशी संयोग होऊन ते तयार होतात, पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि बरेचसे कॅल्शियम असे धाग्याबाहेरच अडकून पडते. त्यामुळे चुना घातला म्हणून अळंबी कॅल्शियमयुक्त झाली, असे कोणी सांगितले तर प्रयोगशाळेचा अहवाल जरूर मागावा. बटन अळंबीच्या बाबतीत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात वेगळा मार्ग तपासला गेला: सिंचनाच्या पाण्यातच कॅल्शियम क्लोराइड दिल्यावर छत्रीतील कॅल्शियम वाढले आणि तिचा पांढरा रंगही अधिक चांगला राहिला.

चुन्याचा खरा परिणाम काडाच्या सामूवर, म्हणजे आम्लता-अल्कतेच्या मापावर (पीएच), होतो. काड आम्लधर्मी असेल तर जस्त, तांबे आणि त्यांच्याबरोबर नको असलेले कॅडमियमही अधिक विरघळते. सामू वाढला की त्यांची उपलब्धता घटते. सांडपाण्यावर पोसलेल्या शेतातील काड वापरताना ही बाब महत्त्वाची ठरते, कारण जड धातू साठवण्याची क्षमता अळंबीत असते आणि देठापेक्षा छत्रीत त्यांचे प्रमाण बहुधा जास्त आढळते.

काड भिजवण्याच्या कामाकडे सहसा केवळ निर्जंतुकीकरण म्हणून पाहिले जाते, पण खनिजांचा हिशोब तेथूनच बदलू लागतो. भाताच्या पेंढ्यातील पोटॅशियम पाण्यात सहज उतरते, आणि रात्रभर भिजवून ओतून दिलेल्या तपकिरी पाण्याबरोबर त्याचा काही भाग निघून जातो. खोलीतील हवा कोरडी असेल तर छत्रीतून पाणी अधिक उडते आणि ताज्या वजनामागे खनिजांचा आकडा फुगलेला दिसतो. म्हणून दोन शेडमधील अळंबीची तुलना कोरड्या वजनावरच करावी.

या सगळ्यात सेलेनियमचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. पंजाबमधील नवांशहर आणि होशियारपूर भागातील काही जमिनींत सेलेनियम इतके आहे की तेथील गव्हाच्या काडातही ते साठते आणि असा चारा जनावरांना बाधतो. पतियाळाच्या थापर विद्यापीठातील संशोधकांनी याच काडावर धिंगरी वाढवली, तेव्हा साध्या काडावरच्या अळंबीपेक्षा तिच्यात सेलेनियम कितीतरी अधिक आढळले. सेलेनियम रासायनिकदृष्ट्या गंधकासारखे असल्याने बुरशी ते गंधकाच्याच वाटेने आत घेते आणि अमिनो आम्लांत गंधकाच्या जागी बसवते. अशी अळंबी अन्नातील कमतरता भरून काढू शकेल, ही कल्पना आकर्षक आहे. मात्र प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे 55 मायक्रोग्रॅम, तर सुरक्षित सेवनाची कमाल मर्यादा 400 मायक्रोग्रॅम मानली जाते. हे अंतर फारसे मोठे नाही. त्यामुळे अशा काडावर धिंगरी घ्यायची असेल, तर आधी काडातील सेलेनियम मोजावे लागते आणि नंतर प्रत्येक बहारातील, म्हणजे एकाच पिशवीतून येणाऱ्या प्रत्येक पिकातील, छत्र्यांतीलही, कारण पहिल्या काढणीतील प्रमाण पुढच्या काढणीत टिकेलच असे नाही.