पाणबुडीत बोट लागते का?

नौदलातली माणसं पाणबुडीला, ती कितीही अवाढव्य असली तरी, शिप नाही म्हणत, बोटच म्हणतात, मग या बोटीत बसल्यावर बोट लागते का? लागते. पण कधी लागते ते बघण्यासारखं आहे.

लाट वर कितीही उसळू दे, खोल जाल तसं पाण्याचं हलणं झपाट्याने कमी होतं. दोन लाटांमधल्या अंतराच्या निम्मं खोल गेलात की वरच्या हालचालीच्या जेमतेम चार टक्के उरते. दर १० सेकंदांनी येणाऱ्या मोठ्या लाटांमध्ये साधारण १५० मीटर अंतर असतं, म्हणजे ७५ मीटर खाली गेलं की वर वादळ असलं तरी खाली टेबलावरचा चहा हलत नाही.

गोची होते ती वर आल्यावर. पाणबुडीचं अंग गोल, नळकांड्यासारखं, खाली जहाजासारखा धारदार कणा नाही, त्यामुळे पृष्ठभागावर ती लाकडाच्या ओंडक्यासारखी लोळते. आणि डिझेलवाल्या पाणबुडीला वर यावंच लागतं, बॅटऱ्या चार्ज करायला इंजिन चालवायचं तर हवा हवी. मग ती लाटांच्या जरा खाली राहून स्नॉर्केलचा पाइप वर काढते, खवळलेल्या समुद्रात लाट त्या पाइपवरून गेली की झडप बंद, इंजिन मात्र चालूच, ते आतलीच हवा ओढायला लागतं आणि सगळ्यांच्या कानात दडे बसतात! वरून डिझेलचा वास आणि खिडकी म्हणून नाही. १९५५ मध्ये नॉटिलस ही अमेरिकन पाणबुडी अणुशक्तीवर निघाली आणि सारखं वर यायची ही कटकटच संपली, अर्थात ज्यांच्याकडे तशी पाणबुडी आहे त्यांचीच.

आता मळमळतं का, तर भांडण कान आणि डोळ्यांचं आहे, पोट बिचारं फुकट मार खातं. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांना डोकं वळलेलं कळतं, आणि बारीक खडे असतात त्यांना वरखाली झालेलं कळतं. कान सांगतो आपण हलतोय, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, मेंदूला कळेना कोणाचं ऐकायचं. ज्यांच्या दोन्ही कानांतली ही यंत्रणा पूर्ण बंद पडलेली असते त्यांना बोट लागतच नाही. सगळ्यात वाईट हेलकावा म्हणजे पाच-सहा सेकंदांत एकदा असा सावकाश वरखाली, भराभर थरथरण्याने एवढं काही होत नाही.

धाडसाचा याच्याशी काही संबंध नाही हं. ब्रिटिश नौदलाचा गाजलेला सेनापती ॲडमिरल नेल्सन, त्यालाही आयुष्यभर बोट लागायची.

साध्या बोटीत असाल तर मध्यभागी बसा, तिथे हेलकावे कमी, आणि नजर क्षितिजावर ठेवा, म्हणजे डोळे कानाशी सहमत होतात. गोळी घ्यायची तर आधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. पाणबुडीत क्षितिज बघायला मिळतं ते फक्त पेरिस्कोपवर बसलेल्याला, बाकीचे बादली जवळ ठेवून बुडी मारायची ऑर्डर कधी येते याची वाट बघत बसतात.