रातनिवारा

सूर्य बुडायला आलाय. तळ्यातल्या त्या बाभळीकडे बघत रहा. आधी एक बगळा येतो, मग तीन-चार, मग थवेच्या थवे, आणि जागेवरून भांडणं सुरू, हा त्याला ढकलतो, तो पंख फडफडवत वरच्या फांदीवर जातो, तिथलाही कुणीतरी चोच उगारतो, नुसता कलकलाट. मग कधी शांत झालं ते कळतच नाही.

पाखरं रात्र काढायला जमतात त्या जागेला इंग्रजीत रूस्टिंग प्लेस म्हणतात. मराठीत रातनिवारा. मारुती चितमपल्लींनी दिलेला शब्द. मी हा शब्द वाचला ना, तेव्हापासून मला झाड दिसायला लागलं, आधी नुसते बगळे दिसायचे.

चितमपल्ली सोलापूरचे, जन्म 1932 चा. मातृभाषा तेलुगू, आणि लिहिलं सगळं मराठीत. वनखात्यात 36 वर्षं काढली, कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट. बदली झाली की माणसं वैतागतात, पण या माणसाला प्रत्येक बदलीत एक नवं जंगल मिळालं, नवी पाखरं मिळाली, आणि त्या पाखरांना नावानं हाका मारणारी माणसं मिळाली. गोंड, माडिया, ढीवर. त्यांच्याजवळ बसून ते ऐकत राहिले, तिकडे संस्कृत ग्रंथही धुंडाळले, आणि मराठीला शब्द देत गेले.

हेरॉनरी घ्या, म्हणजे बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांची घरट्यांची वसाहत. बगळे, पाणकावळे, करकोचे शेजारी-शेजारी घरटी करतात, आणि बऱ्याचदा झाड निवडतात ते पाण्यात उभं असलेलं, कारण रानमांजर सहजासहजी तिथवर पोचत नाही, पिल्लांना भरवायला मासे जवळच, आणि वरून पडणारी विष्ठा पाण्याला खत. किती हुशारीनं मांडलेला संसार! त्याला त्यांनी म्हटलं सारंगागार. कावळ्यांच्या वस्तीला काकागार. मोठ्यानं म्हणून बघा एकदा, काकागार.

2006 साली सोलापुरातच मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जंगलात आयुष्य काढलेला माणूस त्या खुर्चीवर, मला आजही ते आठवलं की भरून येतं. 2025 ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला, सोलापुरातच, ते गेले.

आता बाभळ काळी पडलीय. कॅमेऱ्यात काही दिसत नाही. एक बगळा उशिरा आलाय, दोन घिरट्या घातल्या, फांदी हलली, पुन्हा थोडी कुरकुर ऐकू येतेय.