बाहेर काढून ठेवलेली प्रत

टेप लायब्ररी, म्हणजे बॅकअपच्या टेप ठेवणारं कपाटासारखं यंत्र. त्यातला यांत्रिक हात आधी बारकोड वाचतो. शेवटी ‘एल९’, म्हणजे हे एलटीओ या टेपप्रकाराच्या नवव्या पिढीचं (एलटीओ-९) कार्ट्रिज, टेपची डबी. हात ते स्लॉटमधून ओढतो, ड्राइव्हपाशी नेतो आणि आत सरकवतो. ड्राइव्ह टेपच्या टोकाची बारीक पिन धरून टेप आतल्या रिळावर ओढून घेतो. रुंदी अर्धा इंच, लांबी १,०३५ मीटर. तेवढ्या रुंदीत ८,९६० ट्रॅक. ड्राइव्हमधलं लिहिणारं-वाचणारं हेड एका वेळी ३२ ट्रॅक लिहितं. टेप संपली की उलट दिशेनं पुढचे. कॉम्प्रेशन न धरता १८ टेराबाइट मावतात.

कोरं कार्ट्रिज पहिल्यांदा घातलं की ड्राइव्ह आधी त्या टेपचं मोजमाप घेतो. त्याला दोन तासही लागू शकतात. ड्राइव्ह अडकला समजून बंद करू नका. नवी कार्ट्रिजं आदल्या दिवशीच घालून ठेवा.

हा ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइट लिहितो. डेटा हळू आला तर तो वेग कमी करतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. हेच शू-शायनिंग. यात टेपही झिजते, हेडही. म्हणून बॅकअप आधी डिस्क अ‍ॅरेवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक डिस्कवर, घ्यायचा आणि तिथून सलग टेपवर उतरवायचा.

अ‍ॅरेचं काम मोठंच आहे. एखादी फाइल तो लगेच देतो, टेपला ती शोधायलाच मिनिटभर लागतं. रेड-६ या डिस्क जोडण्याच्या पद्धतीत दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. पण डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरच्या हाती अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागला, तर रेड काहीच वाचवत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतले मेल सगळ्या ऑनलाइन प्रतींसकट गेले. गूगलनं ते टेपवरून परत आणले.

मात्र लायब्ररीत बसलेल्या टेपवरही एका आदेशानं नवं लिहिता येतं. म्हणून बॅकअप झाला की कार्ट्रिज बाहेर काढायचं, त्यावरची लिहिणं रोखणारी खिट्टी सरकवायची आणि ते दुसऱ्या इमारतीत पाठवायचं. परत आणल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, मगच ड्राइव्हमध्ये घालायचं. खाली पडलेलं कार्ट्रिज पिन तपासल्याशिवाय घालू नका.

एलटीओ-९ ड्राइव्ह एलटीओ-८ वाचतो, एलटीओ-७ नाही. जुना ड्राइव्ह भंगारात काढण्याआधी जुन्या टेपवरचा डेटा नव्या टेपवर उतरवून घ्या, आणि उतरवलेला डेटा एकदा रिस्टोअर करून पाहा.