घरातल्या टाकाऊ वस्तूंतून मुलांचे मुखवटे

उपस्थित शिक्षक आणि पालकहो,

५ नोव्हेंबर १८४३ रोजी, चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या सुमारास आपल्या शाळांतून नाट्यप्रवेश बसू लागतात आणि त्यांच्यासाठी बाजारातून प्लास्टिकचे वाघ-सिंह विकत आणले जातात. माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे, की हे मुखवटे मुलांनी घरातल्या टाकाऊ वस्तूंतून स्वतः करावेत आणि मोठ्यांनी त्यांना आयता आराखडा देऊ नये. मूल आधी ती वस्तू हाताळते, तिचा स्वभाव ओळखते आणि मग तिच्यातून त्याला सोंग सुचते. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

द्राक्षांच्या रिकाम्या पेट्यांचेच पाहा. त्या पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागदाच्या बारीक नळ्या असतात. नळ्या उभ्या येतील असा तुकडा कापला तर तो चेहऱ्याभोवती सहज वळतो. आडव्या आल्या तर मध्येच मोडतो. हे सांगण्यापेक्षा दोन्ही तुकडे मुलाच्या हातात द्यावेत. वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या वळ्या उघड्या पडतात आणि त्या पाहून एखाद्याला मगरीची पाठ दिसते, तर एखादीला आजीच्या कपाळावरच्या आठ्या. अंड्यांच्या ट्रेचा एक खळगा म्हणजे नाक, जुन्या लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद म्हणजे मुकुट, नारळाच्या शेंड्या म्हणजे दाढी, हे मग कोणी शिकवावे लागत नाही. मात्र बागायतदारांच्या घरांत फवारणीच्या औषधांचे डबे आणि खोकीही पडलेली असतात. ती कितीही स्वच्छ दिसली तरी मुलांच्या हाती जाता कामा नयेत.

खरा जीव आहे तो कागदाच्या मुखवट्यात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या आदिवासींच्या बोहाडा या उत्सवात देवांची आणि असुरांची सोंगे नाचवताना कागदाच्या लगद्याचे मुखवटे वापरतात. आपण मुलांसाठी त्याहून सोपी, पट्ट्यांची रीत घ्यावी. वाटीभर मैदा तेवढ्याच गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतावा आणि खळीला काचेसारखी झाक येईपर्यंत मंद आचेवर ढवळावा. हे काम अर्थातच मोठ्यांचे. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात; ते विषारी असल्याने आपण चमचाभर मीठ घालावे आणि खळ रोज ताजी करावी.

फुगवलेला फुगा पातेल्यावर बसवून त्याला गोडेतेलाचे बोट फिरवावे. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कात्रीने कापू नयेत, फाडाव्यात, कारण फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे होऊन शेजारच्या पट्टीत मिसळतात आणि जोड उठून दिसत नाही. कागद एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. हा शोध लागला की मुले बराच वेळ नुसते कागदच फाडत बसतात, आणि त्यांना बसू द्यावे. पहिला थर नुसत्या पाण्याने चिकटवावा, पुढचे तीन खळीने. एक थर उभा, एक आडवा. एका थराला वर्तमानपत्र आणि दुसऱ्याला रंगीत जाहिरातींची पत्रके वापरली, तर कुठे जागा सुटली आहे ते मुलाला स्वतःलाच कळते. दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर वाळू द्यावे. घाईने कडक उन्हात ठेवला तर मुखवटा एका अंगाला ओढला जातो आणि पावसाळी हवेत त्याला बुरशी धरते. वाळल्यावर फुगा फोडून गोळा उभा अर्धा कापला की एकात दोन मुखवटे मिळतात.

रंगांसाठी दुकानात जाण्याआधी आपल्या बाजारपेठेचे वैभव असलेली हळद हाती घ्यावी. खळीत कालवलेली हळद उत्तम पिवळा रंग देते. त्यातच चिमूटभर खायचा सोडा टाकला की रंग डोळ्यांदेखत तांबूस होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. हा रंग उन्हात उडतो, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

आता डोळ्यांविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण बहुतेक मुखवटे इथेच फसतात. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दोन बाहुल्यांतले अंतर साधारण पाच ते साडेपाच सेंटीमीटर असते, पण अंदाजावर जाऊ नये. ज्याचा मुखवटा त्याच्याच चेहऱ्यावर दोरा धरून माप घ्यावे. भोके बाहेरून रंगवलेल्या डोळ्यांतच असली पाहिजेत असे नाही. राक्षसाचे बटबटीत डोळे कपाळावर असोत आणि मुलाने त्या डोळ्यांखालच्या फटीतून पाहावे. फट रुंद हवी, पायाखालची पायरी दिसली पाहिजे. नाकपुड्या आणि तोंड मोकळे हवे, नाहीतर संवाद आतल्या आत घुमतो आणि श्वास कोंडतो. तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढून केलेले कोणतेही सोंग मला मान्य नाही. आतून जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे अस्तर लावावे, म्हणजे छपाईची शाई घामाने गालाला लागत नाही.

चकाकीसाठी व्हार्निश लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण व्हार्निश लावलेल्या कागदात पाणी शिरत नाही. नुसता रंगवलेला मुखवटा प्रयोगानंतर फाटला-चेपला, तर दोरा आणि अस्तर काढून तो रात्रभर पाण्यात भिजत घालता येतो आणि सकाळी कुस्करून त्याच लगद्याची पुढच्या सोंगाची नाके, शिंगे, भुवया करता येतात.