छपरावरच तयार होणारं छप्पर

[दृश्य : गोदामाचं लांबरुंद पत्र्याचं छप्पर. सूर्य नुकताच वर आलाय. कामगार थांबलेले.]

फोम फवारायचं यंत्र तापलंय. खाली गाडीत दोन ड्रम जोडलेत. तिथून निघालेल्या नळ्या शिडीच्या कडेने वर आल्यात. फवारणीची बंदूक तयार आहे. तरी काम सुरू होत नाही. टीममधला सगळ्यांत जुना कारागीर उकिडवा बसून पत्र्यावर तळहात टेकवतो, उचलतो, बोटं एकमेकांवर चोळून बघतो. ओल आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण रात्रीचं दव अजून उडालेलं नाही. तो मान हलवतो आणि सगळे बाजूला बसतात. ऊन चढेपर्यंत थांबायचं.

ज्या मालकाने माणसं आणि यंत्र दिवसाच्या हिशेबाने आणलंय, त्याला हा तास टोचतो. पण हा तास वाचवायला गेलेली कित्येक छपरं दोन वर्षांत फुगे धरतात.

[दृश्य : वरून दिसणारी सपाट छपरं. एसीची यंत्रं, पाइप, पाण्याची डबकी.]

कारखाने, गोदामं, दुकानांची संकुलं, रुग्णालयं, शीतगृहं. अशा मोठ्या इमारतींची छपरं बहुतेक सपाट असतात, किंवा नावापुरता उतार असलेली. त्यांत सांधे असतात, स्क्रू असतात, पाइप वर येतात, एसीच्या यंत्रांचे पाय रोवलेले असतात. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा याच जागांतून. आणि छताला डाग पडतो तो भलतीकडेच, कारण आत शिरलेलं पाणी थरांच्या मधून आडवं पसरत जातं. पाणी कुठेतरी मुरतंय हे सगळ्यांना कळतं, कुठे मुरतंय हे कुणालाच सांगता येत नाही. मग दरवर्षी डांबराचं ठिगळ लावायचं आणि पुढच्या पावसाची वाट बघायची.

यावर एक उपाय म्हणजे फवारलेला पॉलियुरेथेन फोम. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा शोध लागला 1937 मध्ये, जर्मनीतल्या लेव्हरकुझेनला, ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेत. छपरांवर तो फवारायला सुरुवात झाली 1960च्या दशकात. म्हणजे ही गोष्ट नवी नाही. ती नीट करणारे हात मात्र आजही मोजकेच.

[दृश्य : बंदुकीच्या तोंडाचं जवळून चित्रण. फवारा पत्र्यावर पडतो, पांढरट-पिवळा होऊन फुलतो.]

आता बघा काय होतंय. एका ड्रममध्ये आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल आणि त्याच्यासोबत मिसळलेली इतर रसायनं. दोन्ही गरम होऊन, मोठ्या दाबाखाली, वेगवेगळ्या नळ्यांतून वर येतात आणि बंदुकीच्या तोंडाशी समसमान प्रमाणात पहिल्यांदा भेटतात. पत्र्यावर पडताना ते पातळ द्रव असतं. तुम्ही दोन-तीन आकडे मोजेपर्यंत ते दुधासारखं उतू येतं, सुमारे 25 पट फुगतं आणि तिथेच घट्ट होतं. काही मिनिटांत त्यावर पाय ठेवता येतो.

थोडक्यात, हा माल तयार होऊन कारखान्यातून येत नाही. तो तयार होतो तुमच्या छपरावर, त्या घटकेला असलेल्या हवेत, त्या माणसाच्या हाताखाली. फोमच्या सगळ्या गुणांचं मूळ यात आहे, आणि सगळ्या धोक्यांचंही.

गुण आधी बघू. द्रव असल्यामुळे तो फटीत शिरतो, पाइपला वेढा घालतो, स्क्रूचं डोकं गिळून टाकतो. सगळं कडक झालं की कडेपासून कडेपर्यंत एकच अखंड थर. सांधाच नाही, तर सांध्यातून गळणार काय? छपराला जिथे खोलगट भाग आहे तिथे कारागीर दोन हात जास्त फिरवतो, निचऱ्याच्या तोंडाकडे थर पातळ करत नेतो आणि मुळात नसलेला उतार तयार होतो. पाणी साचणाऱ्या छपरासाठी हे वरदान आहे.

वजनाचं म्हणाल तर छपरावरच्या फोमची घनता साधारण 40 ते 48 किलो प्रति घनमीटर असते. पाच सेंटीमीटरचा थर दिला तरी चौरस मीटरला अडीच किलोही भरत नाही. तेवढ्याच जाडीचं काँक्रीट 120 किलोंच्या घरात जातं. जुन्या इमारतीच्या तुळयांना, हलक्या पत्र्याच्या शेडला हा फरक फार मोठा. शिवाय जुनं छप्पर कोरडं आणि धड असेल तर उखडावं लागत नाही. मलबा नाही, आणि खालचं काम बऱ्याच अंशी चालू राहतं.

[दृश्य : फोमचा कापलेला तुकडा, भिंगाखाली. बारीक बंद कप्पे चमकतात.]

हे कप्पे बघा. एका घनसेंटीमीटरमध्ये असे हजारो, आणि त्यांतले बहुतेक चहूबाजूंनी बंद. आत अडकलेला वायू उष्णतेला सहज वाट देत नाही. अडीच सेंटीमीटर फोम जितकी उष्णता अडवतो, तितकी अडवायला काँक्रीटचा थर एक मीटरहून जास्त जाड लागेल. त्यातला काही वायू वर्षानुवर्षांत हळूहळू बाहेर जातो, म्हणून उष्णतारोधाचा आकडा विचारताना ताज्या फोमचा न घेता काही वर्षं मुरलेल्या फोमचा घ्यावा.

विजेची बचत किती, हे इमारतीवर ठरतं. अमेरिकेतल्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने 1970च्या दशकापासून आपल्या इमारतींवर फोम फवारून घेतला. 1980 ते 1984 मध्ये तिथल्या 27 इमारतींचा हिशेब ठेवला गेला, तेव्हा छपराचा खर्च ऊर्जेच्या बचतीतून सरासरी साडेचार वर्षांत वसूल झाल्याचं दिसलं. तिथे इमारती दिवसभर थंड ठेवल्या जात होत्या. ज्या गोदामाची दारं सताड उघडी असतात आणि आत एसी नाही, तिथे हे गणित लागू होणार नाही. तिथे फायदा आत काम करणाऱ्या माणसांचा. दुपारी डोक्यावरचा पत्रा भाजत नाही, हे काही कमी नाही, पण ते बिलात दिसत नाही.

वाऱ्याचं मात्र आवर्जून सांगायला हवं. वादळात छप्पर बहुधा कडेने सुटतं. वारा फटीत बोट घालतो आणि सोलत नेतो. फोम इंचन्‌इंच चिकटलेला असल्याने वाऱ्याला धरायला टोक सापडत नाही. 2005 साली कॅटरिना आणि रिटा वादळांनंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने पाहणी केली. तिच्या 2006च्या अहवालात, एखादा अपवाद वगळता, फोमची छपरं उत्तम टिकल्याची नोंद आहे. 29 ऑगस्ट 2005 रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम या स्टेडियममध्ये हजारो लोक आसऱ्याला होते आणि कॅटरिनाने त्यांच्या डोक्यावरचं आवरण सोलून काढलं. 25 सप्टेंबर 2006 ला ते स्टेडियम पुन्हा उघडलं, तेव्हा त्याच्या नव्या छपरावर फवारलेला फोम होता.

[दृश्य : फवारणाऱ्याचा चेहरा. पूर्ण मुखवटा, मागे हवेची नळी.]

आता दुसरी बाजू. मुखवट्यामागच्या या माणसाला बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवलेली आहे. आयसोसायनेटच्या वाफा आणि तुषार श्वासात गेले तर दमा जडू शकतो. एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे अगदी थोडासा संपर्कही झटका आणायला पुरेसा होतो. मग त्या माणसाला हा धंदाच सोडावा लागतो. म्हणून साध्या कापडी मास्कवर फवारणी चालू दिसली तर काम थांबवायला सांगा. तो माणूस तुमच्या पगारावर नसेल, पण तुमच्या छपरावर आहे.

खालच्या लोकांचंही तेच. छपरावरून हवा आत ओढणारे एसीचे मार्ग फवारणीच्या वेळी बंद करून झाकावे लागतात. आणि वारा बघावा लागतो. ताशी 20-25 किलोमीटरच्या वर वारा गेला की तुषार उडतात, हवेतच घट्ट होतात आणि दूरवर उभ्या गाड्यांच्या काचांवर जाऊन बसतात. हात फिरवला तर काच खरखरीत लागते. ते पाण्याने निघत नाहीत. आजूबाजूच्या गाड्या आदल्या दिवशीच हलवायला सांगणं, हा कामाचाच भाग आहे.

ओलीचं कारण रसायनात आहे. आयसोसायनेटला पाणी मिळालं की त्याची पाण्याशीच अभिक्रिया होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. फोम पृष्ठभागाला धरत नाही, खाली वायू कोंडतो, ऊन लागलं की फुगा येतो. म्हणून पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन जमते त्यापेक्षा, किमान तीन अंश सेल्सिअस वर असावं असा दंडक आहे. हाताने बघणारा कारागीर तापमापकही बघतो. दोन्ही लागतात. आणि जुन्या छपराच्या पोटात आधीच पाणी असेल तर वरून फोम मारणं म्हणजे ओल्या जखमेवर पट्टी घट्ट बांधणं. आधी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने छप्पर तपासून, शंका येईल तिथे कापून बघून, ओला भाग काढावाच लागतो.

मिश्रण बिघडलं तर? आयसोसायनेट जास्त झालं की फोम ठिसूळ होतो, बोटाखाली चुरतो. पॉलिओल जास्त झालं की मऊ आणि चिकट राहतो. असा फोम नंतर सुधारत नाही, कापूनच काढावा लागतो. एका दमात जाड थर मारण्याचा मोहही वाईट, कारण फुलताना फोम आतून तापतो. थर प्रमाणाबाहेर गेला की गाभा करपतो, तडकतो, प्रसंगी पेटतोसुद्धा. म्हणून एक ते चार सेंटीमीटरचे थर, मध्ये निवायला वेळ देऊन. चांगला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. मक्याच्या लाह्यांसारखा उकलला असेल तर फोमच्या संरक्षणासाठी वरून देतात ते कोटिंग त्याच्या खाचाखोचांत पुरेसं बसत नाही.

[दृश्य : कोटिंग उडालेला जुना भाग. तपकिरी, भुसभुशीत फोम. बोट फिरवल्यावर भुकटी.]

पाण्याला दाद न देणारा हा फोम उन्हापुढे टिकत नाही. अतिनील किरणांनी त्याचा रंग पिवळा, मग तपकिरी होतो आणि वरची भुकटी व्हायला लागते. त्यामुळे कोटिंग ही सजावट नाही. जमलं तर त्याच दिवशी, नाहीतर एक-दोन दिवसांत ते चढायलाच हवं, आणि सुकल्यावर साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर भरायला हवं. ॲक्रिलिकचं कोटिंग स्वस्त पडतं, पण साचलेल्या पाण्यात खराब होतं. सिलिकॉनचं कोटिंग साचलेलं पाणी सोसतं, मात्र ओलं झालं की पाय घसरतो, धूळ धरतं आणि पुढे त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही नीट चिकटत नाही. आज सिलिकॉन निवडलं की पुढच्या वेळचंही ठरून गेलं. जिथे माणसांची रोज ये-जा आहे तिथे चालायची वाट वेगळी करून घ्यावी. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून तेलकट वाफ पडते तिथे कोटिंग खराब होतं. तापलेल्या चिमणीला फोम थेट टेकवत नाहीत.

आग हा विषय कुजबुजत सांगायचा नाही. फोम जळतो. त्यात ज्वालारोधक असले तरी वेल्डिंगची ठिणगी उघड्या फोमवर पडू देता कामा नये. आगीचं प्रमाणपत्र मागताना नुसत्या फोमचं घेऊ नका. खालचा पृष्ठभाग, फोम आणि कोटिंग अशा संपूर्ण रचनेची चाचणी झाली आहे का, ते बघा.

पर्यावरणाचा हिशेबही सरळ नाही. फोम फुलवायला पूर्वी सीएफसी वायू वापरत. ओझोनच्या थराला ते घातक ठरले आणि 1987च्या माँट्रियल कराराने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. पुढे आलेल्या एचएफसी वायूंनी ओझोन वाचला, पण ते कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ हजारपट उष्णता अडवणारे निघाले. त्याच करारातल्या 2016च्या किगाली दुरुस्तीनंतर तेही मागे पडतायत, आणि एचएफओ नावाचे बरेच सौम्य वायू आलेत. खरेदी करताना कोणता वायू आहे हे जरूर विचारा. आयुष्य संपल्यावर हा फोम वितळवून पुन्हा वापरता येत नाही, हेही त्या हिशेबात धरा.

खर्च सुरुवातीला नुसत्या कोटिंगपेक्षा जास्तच येतो. साधारण 10 ते 15 वर्षांनी वरचं कोटिंग पुन्हा द्यावं लागतं. फोम शाबूत असेल तर तो तसाच राहतो, आणि खरी बचत इथे आहे. पण त्यासाठी वर्षातून दोनदा कुणीतरी वर चढायला हवं. पक्ष्यांनी टोचलेलं, पडलेल्या हत्याराने खोचलेलं भोक वेळेत दिसलं तर सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवायच्या लगद्याच्या, नळीने पाच मिनिटांत बुजतं. कप्पे बंद असल्याने पाणी लगेच फार पसरत नाही. पण पसरत नाही म्हणून कुणी बघायचंच सोडलं, तर उघड्या भोकातून ऊन आणि पाणी मिळून हळूहळू फोम खातात.

[दृश्य : दुसरं, जुनं छप्पर. सुरी, तळहातावर फोमचा उभा तुकडा.]

हे छप्पर नव्या कोटिंगची वाट बघतंय. कारागिराने सुरीने एक उभा तुकडा काढलाय आणि तो उजेडात धरून वाचतोय. वर पांढरं कोटिंग, सारखं, कुठे पातळ नाही. त्याखाली फिकट पिवळा थर, मग दुसरा. तिसऱ्याच्या वर एक बारीक तपकिरी रेघ. तो थर मारून काम काही दिवस थांबलं असणार आणि फोम उघडा उन्हात पडला असणार. रेघेवर अंगठा दाबून तो थर सुटतोय का ते बघतो. सुटत नाही. तळाला बोट लावतो. कोरडं आहे.

मग तो भोकात सीलंट भरतो, कडा निपटतो आणि चार पावलं पुढे जाऊन पुन्हा सुरी काढतो.